शिंप्याच्या धाकटीचे पहिले वर्ष

कृतज्ञता हा शब्द आपण हल्ली फार स्वस्त करून टाकला आहे. कुणी दार धरून उभे राहिले, कुणी रांगेत पुढे जाऊ दिले, की आभाराचे दोन शब्द टाकून आपण मोकळे होतो आणि त्या मोकळे होण्यालाच कृतज्ञता समजतो. शब्दाची घडण मात्र अधिक गंभीर आहे. जो कृत जाणतो, केलेले ओळखतो, तो कृतज्ञ. म्हणजे हा गुण मुळात ज्ञानाचा. शिष्टाचाराचा संबंध नंतर येतो. आपल्यासाठी कुणी काय केले, कोणत्या हातांनी केले आणि ते करताना स्वतःचे काय बाजूला सारले, हे ज्याला तपशिलाने ठाऊक असते त्याला आभार मानण्याची घाई नसते. हे ज्ञान घरात बसून सहसा होत नाही. पाणी भरलेले असते, अंथरूण घातलेले असते, सदऱ्याचे तुटलेले बटण सकाळी जागच्या जागी असते. तोवर त्यामागचा हात दिसत नाही. माणूस स्वतःच्या किल्लीने स्वतःचे दार उघडू लागतो, तेव्हा कुठे त्याला मागच्या घरातले हात दिसू लागतात. स्वातंत्र्य आणि कृतज्ञता यांची ही सोयरीक एका बाईच्या आयुष्यात मला फार स्वच्छ दिसली. तिची हकिगत तिच्याच तोंडून, अधूनमधून, तुकड्यातुकड्यांनी ऐकलेली आहे.

तिला सगळे धाकटी म्हणत. तीन बहिणींतली शेवटची, म्हणून घरात पडलेले हे नाव तिच्यामागून शहरात आले आणि तिथेही चिकटून बसले. केस पांढरे झाले, हाताखाली माणसे आली, तरी ती धाकटीच राहिली. ती पुढे नोकरीला लागली त्या रुग्णालयातल्या एका नव्या कारकुनाने एकदा अदबीने, "धाकट्या बाईसाहेब कुठे बसतात?" असे विचारले, तेव्हा आज आपल्याला बढती मिळाली, असे ती दिवसभर सगळ्यांना सांगत सुटली होती.

तिचे वडील शिंपी. पुढे दुकान, मागे घर आणि मध्ये एक जाड पडदा, एवढाच त्या कुटुंबाच्या दोन जगांतला भेद. बाबांची ख्याती वाढत्या मुलांच्या कपड्यांसाठी होती. शिवणीच्या आत ते भरपूर माया ठेवत, म्हणजे कापड राखून ठेवत. झगा आखूड झाला, सदरा काखेत रुतू लागला, की तोच कपडा त्यांच्याकडे परत येई, उसवला जाई आणि मुलासारखाच वाढून घरी जाई. नेमके रेषेवर कापणे त्यांना जवळजवळ क्रूरपणाचे वाटे. खडूची रेघ एकीकडे आणि कात्री तिच्या बाहेरून, बोटभर अंतर राखून, असा त्या दुकानाचा शिरस्ता होता. धाकटीच्या हातात अक्षरे येण्याआधी हे अंतर आले. थोरल्या ताईचे लग्न झाले, मधली शाळेत शिकवू लागली, आणि दुकान धाकटीचे, ही गोष्ट कुणी न बोलता घरात ठरून गेली.

तो न बोललेला ठराव मोडला एका घड्याळजीमुळे. लहानपणीच्या आजारात त्याचा एक पाय लुळा पडला होता. त्या पायाला तो कॅलिपर लावत असे: दोन्ही बाजूंना पोलादी सळ्या आणि त्यांना मांडीपाशी जोडणारी कातड्याची रुंद पट्टी. त्यावरून चढेल अशी एका पायात सैल विजार तो बाबांकडून शिवून घेई. एकदा माप घ्यायला बाबांनी शाळकरी धाकटीला बसवले. विजारीचा काठ वर सारताच तिला पट्टीखालची सोललेली कातडी दिसली.

"काका, हे कुणी शिवलं?"

"शिवलं? अगं, हा काय लेंगा आहे? हे बनवतात. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात."

"मग टोचतं कशाला?"

घड्याळजीने चष्मा कपाळावर चढवला. "ते बनवणाऱ्याला विचारायचं, तर आधी तिथवर चालत जायला हवं ना!"

बाबा खळखळून हसले. धाकटीला मात्र हसू आले नाही. माणसाच्या अंगावर चढणारी वस्तू अंगाला लागते आणि ती उसवायला कुणी नाही, ही गोष्ट तिच्या मनातून जाईना. शालान्त परीक्षा होईपर्यंत तिने चौकशी करून ठेवली होती. कॅलिपर आणि कृत्रिम अवयव बनवण्याचा अभ्यासक्रम त्याच रुग्णालयाच्या कार्यशाळेत शिकवला जात होता. तिने ते बाबांना सांगितले तेव्हा ते मशीनवर होते. सुईत दोरा नाही, हे लक्षात न येता बराच वेळ ते तसेच मशीन चालवत राहिले.

"बाबा, दोरा," धाकटी शेवटी म्हणाली.

"दिसतोय मला." मशीन थांबले. "एक वर्ष जा. पहिल्या वर्षाची परीक्षा निभावलीस तर पुढे शीक. नाही निभावलीस तर मुकाट्यानं दुकानात येऊन बसायचं. मग रडगाणं चालणार नाही."

"आणि निभावली तर दुकानात कोण बसणार?"

"ती तुझी काळजी नाही. आधी निभाव."

आईने पडद्याआडून कपाळावर हात मारून घेतला. "दोघंही सारखीच हट्टी. आता मी कुणाची समजूत घालू?"

निघताना बाबांनी आपली कापायची कात्री, वर्षानुवर्षे अंगठ्याने झिजवून गुळगुळीत केलेली, एका फडक्यात गुंडाळून तिच्या पिशवीत घातली. दुकानातली सर्वांत चांगली वस्तू तीच होती.

शहरात तिला मिळालेली खोली एका धुलाईकेंद्राच्या वरच्या मजल्यावर होती. छप्पर एका बाजूने इतके उतरते की खाटेवरून बेताने उठावे लागे. एकुलत्या खिडकीतून मागच्या अंगणातल्या दोऱ्यांवर वाळणाऱ्या चादरी दिसत. घरमालकीण टेलिफोन केंद्रातून निवृत्त झालेली एक एकटी बाई होती. धाकटी तिला पहिल्याच दिवशी मावशी म्हणाली आणि तिने ते ना स्वीकारले, ना नाकारले. आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिल्यामुळे की काय, मावशी स्वतः फार थोडे बोलत. दार वाजले की "बोला." सांगणे लांबले की "ऐकतेय." आणि आपल्यापुरते संपले की "ठेवते," असे म्हणून त्या खरोखर दार लावून घेत.

पहिल्या संध्याकाळी धाकटीने खोलीचे कुलूप विनाकारण पुन्हापुन्हा लावून पाहिले. किल्लीवर आजवर कधी तिची एकटीची मालकी नव्हती. घरात पडद्याला कसले कुलूप! तिने बटाटे उकडले आणि खिडकीशी उभ्याउभ्याच खाल्ले, कारण बसून खा, असे सांगायला कुणी नव्हते. मीठ कमी पडले होते. तरी ते जेवण तिला राजेशाही वाटले. हे सांगताना ती नेहमी थांबे आणि म्हणे, "पहिला आठवडा मी कुणाचीच नव्हते हो. काय मजा आली म्हणून सांगू!"

दुसऱ्या आठवड्यात चादर धुवायची वेळ आली. चादर धुणे सोपे. पिळणे एकट्या माणसाचे काम नाही. घरी दुसरे टोक नेहमी आईच्या हातात असे, आणि ते टोक कुणाच्या तरी हातात असते याचा धाकटीने जन्मात विचार केला नव्हता. तिने ते खिडकीच्या कडीला बांधून पिळून पाहिले. कडी निखळून हातात आली. ती कडी घेऊन ती मावशींच्या दारात उभी राहिली.

"बोला."

"मावशी, कडी निघाली. मी बसवून देईन. चादर पिळत होते."

मावशींनी तिच्या ओल्या बाह्यांकडे, मग कडीकडे पाहिले. त्या वर आल्या, चादरीचे दुसरे टोक धरले आणि उलट दिशेने असा पीळ दिला की पाणी भळाभळा बादलीत पडले.

"दर रविवारी सकाळी हाक मार," त्या म्हणाल्या. "खिडकीला त्रास देऊ नकोस. ठेवते."

त्या दुपारी धाकटीला घराची आठवण आली, ती हुंदक्यांनी आली नाही. आईच्या मनगटांच्या रूपाने आली.

कार्यशाळेत शिकवणाऱ्या सरांना विद्यार्थ्यांनी मिलिमीटर हे नाव ठेवले होते, आणि ते सरांना ठाऊक होते. "नाव मोठं ठेवलंत," ते म्हणत, "मी त्याहूनही बारीक मोजतो." रुग्णाच्या पायाचा प्लास्टरचा साचा घ्यायचा, त्यावर पेन्सिलीने रेघ आखायची, त्या रेघेप्रमाणे कातडे कापून पट्टी बनवायची आणि ती सळ्यांवर चढवायची, हा पहिल्या वर्षाचा गाभा. परीक्षाही त्याचीच: एका खऱ्या रुग्णासाठी एक पट्टी. ती बसली तर पुढचे वर्ष, नाही तर घरचा रस्ता. चामड्याच्या कामाला सर रापी वापरायला सांगत. रुंद, वाकड्या पात्याचा तो चाकू चांभाराच्या हातात आपण सर्वांनी पाहिलेला आहे. धाकटीने मात्र बाबांची कात्री आणली होती. कातडे पातळ असेल तर कात्रीनेही कापता येते, असे तिने पहिल्याच दिवशी कापून दाखवले, आणि सर "बरं" म्हणाले.

तिची पहिली पट्टी साच्यावर चढवली, ती गर्रकन फिरली.

"हे कुणासाठी?" सरांनी विचारले. "हत्तीसाठी असेल तर हत्तीला आत बोलवा."

वर्ग हसला. तिने दुसरी कापली. तीही सैल. तिसरीला तिने डोळ्यांत तेल घालून रेघेवर लक्ष ठेवले आणि तरी कापून झाल्यावर पाहिले तो कड रेघेच्या बाहेर, सगळीकडे सारख्या अंतराने, अगदी बोटभर. चूक इतकी सुबक होती की सरांनी ती पट्टी उजेडात धरून फिरवून पाहिली.

"चुकणारे पुष्कळ पाहिले मी," ते म्हणाले, "पण इतकं नीटनेटकं चुकणारं कुणी पाहिलं नाही. कुठे शिकलात हे?"

"कुठे नाही, सर," धाकटी म्हणाली. वडील काय करतात या प्रश्नाला तिने प्रवेशाच्या वेळी, कापडाचा व्यवसाय, असे मोघम उत्तर दिले होते, आणि आता शिंप्याचे दुकान सांगणे तिच्या जिवावर आले.

"मग विसरायला सोपं जाईल. कापडाला ढिलं चालतं, पायाला नाही. पट्टी हलली की पायाचं कातडं सोलतं. सोललं की माणूस ती काढून कोपऱ्यात ठेवतो आणि परत रांगायला लागतो. तुमच्या बोटभर जागेत एक माणूस मावतो, लक्षात ठेवा."

तिला घड्याळजीची मांडी आठवली. त्यानंतरचे महिने तिने त्या बोटभर अंतराशी झुंज घेतली आणि प्रत्येक वेळी तेच अंतर जिंकले. डोळे रेघेवर असत, पण अंगठा कात्रीच्या झिजलेल्या खोबणीत बसला की हात दुकानात जाई. सरांनी रापी घ्या म्हणून सांगितले. तिने घेतली, बोट कापले आणि पुन्हा कात्रीकडे वळली. परीक्षा तोंडावर आली.

अशात बाबा आले. मशीनचे सुटे भाग आणायचे निमित्त होते. जिना चढून आल्यावर त्यांनी आधी दाराची कडी हलवून पाहिली, मग खिडकीची, मग खाटेवर बसून गादी चाचपली. उतरत्या छपराला डोके आपटल्यावर ते म्हणाले, "खोली बेतून शिवलीय. जरा जास्तच बेतून."

धाकटीने चहा केला. मीठ-साखरेचे प्रमाण आता तिला जमू लागले होते. बाबांनी कप तोंडाला लावला, मान हलवली आणि मग विचारले, "परीक्षेचं काय?"

तिने खरे ते सांगितले. हात रेघेवर कापत नाही, बाहेरून जातो. रापी घेतली की बोट कापते. सर म्हणतात इतके नीटनेटके चुकणारे कुणी पाहिले नाही. हे वाक्य ऐकून बाबांच्या मिशीत हसू आले, आणि लगेच ते मावळले. प्रश्न परीक्षेचा होता, तसा दुकानाचाही होता. ती नापास झाली तर पडद्यापुढची खुर्ची रिकामी राहणार नव्हती. बाबांना आता फक्त गप्प बसायचे होते.

"कशानं कापतेस?"

"तुमच्या कात्रीनं."

"आण इकडे."

तिने फडक्यातली कात्री दिली. बाबांनी ती उघडली, मिटली, पात्यावरून बोट फिरवले आणि पुन्हा फडक्यात गुंडाळून स्वतःच्या पिशवीत घातली.

"बाबा! अहो, परीक्षा आहे माझी."

"म्हणूनच नेतोय. ही कात्री माझ्या हातची आहे, धाकटे. तिला दुसरं काही येत नाही. तुझ्या हातात गेली तरी माझंच ऐकणार ती."

"मग मी कशानं कापू?"

"ते तुझे सर सांगतील. ज्यानं बोट कापतं त्यानं काप. चार वेळा कापलं की जपायला शिकशील." ते उठले, या वेळी डोके सांभाळून. "आणि कापडाचा व्यवसाय काय म्हणतेस गं? शिंपी म्हण. लाज वाटत असेल तर चांगला शिंपी म्हण."

ही गोष्ट त्यांना कशी कळली? मावशींनी जिन्यात सांगितली होती. धाकटीने एकदा त्यांच्याजवळ मन मोकळे केले होते, आणि आयुष्यात प्रथमच मावशींनी परवानगी न घेता एक बोलणे जोडून दिले होते.

दुसऱ्या दिवशी ती सरांपुढे उभी राहिली. "सर, माझे वडील शिंपी आहेत. शिवणीत माया ठेवायची सवय आहे हाताला. मला रापी पहिल्यापासून शिकवा."

सर तिच्याकडे पाहत राहिले. "हे सुरुवातीलाच सांगितलं असतंत तर मी हत्तीला निरोप पाठवला नसता," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून रोज काम सुटल्यावर ते तिच्याबरोबर थांबू लागले. रापी आपल्या दिशेने ओढायची असते, कात्री पुढे ढकलायची. त्या उलट्या चालीत हाताला जुनी वाट सापडेना. निरुपयोगी कातड्याचे तुकडे सरांनी कुठूनकुठून गोळा करून आणले. तिची बोटे चिंध्यांनी बांधलेली असत. मावशी रविवारी चादरीचे टोक धरताना त्यांकडे पाहत आणि बादली स्वतःच उचलून नेत.

परीक्षेला तिच्या वाट्याला आलेली रुग्ण एक लहान मुलगी होती. प्लास्टर सुकेपर्यंत ती, "माझा पाय आता पुतळ्याचा झाला," असे आईला बजावत होती. धाकटीने साचा घेतला, रेघ आखली, रापी रेघेवर ठेवली आणि ओढली. कड रेघेवर उतरली. पट्टी चढवली तेव्हा सरांनी ती दोन बोटांनी हलवून पाहिली. ती हलली नाही.

धाकटी मात्र मुलीच्या बाहीकडे पाहत होती. मनगटाच्या पुष्कळ वर गेलेली बाही, वाढत्या अंगाची.

"सर, ही वाढणार. आत थोडं कातडं दुमडून ठेवलं आणि सळीला जादा भोकं पाडली तर..."

"परीक्षेत नाही," सर म्हणाले. "आज फक्त बरोबर. राखायचं ते नंतर, हातात बरोबर बसल्यावर."

ती उत्तीर्ण झाली. मावशींच्या फोनवरून तिने बाबांच्या गल्लीतल्या वाण्याकडे निरोप दिला आणि बाबांना फोनवर बोलावून घेतले. निकाल सांगून झाल्यावर तिने विचारले,

"ऐकताय ना?"

"ऐकतोय," बाबा म्हणाले. "आईला सांगतो. आणि दुकानाची काळजी करू नकोस. एक पोरगी यायला लागलीय शिकायला. हात जड आहे तिचा, पण होईल." एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला. मावशींनी धाकटीच्या हातातून रिसीव्हर घेतला, जागेवर ठेवला आणि त्या दिवशी त्या दार लावून आत गेल्या नाहीत. तिच्याशेजारी जिन्यावर बसल्या.

पुढचे आयुष्य सरळ आहे, म्हणून ते थोडक्यात सांगता येते. शिक्षण संपवून ती त्याच कार्यशाळेत लागली आणि काही वर्षांनी लहान मुलांचे काम तिच्याकडे आले. तेव्हा निवृत्त होण्याच्या बेतात असलेल्या सरांना तिने जुना प्रश्न पुन्हा विचारला. तिची कड बोटाने तपासून ते म्हणाले, "आता ठेवा. मुलांपुरतंच हं! मोठ्यांना दिसलं तर तेही वाढायला लागतील." त्यानंतर तिच्या टेबलावरून गेलेल्या मुलांच्या कॅलिपरांत आत दुमडलेले कातडे आणि जादा भोके असत, दूरवरून येणाऱ्या आईबापांना दर वर्षी नव्यासाठी रांगेत उभे राहावे लागत नसे, आणि तरी पट्टी हलत नसे. कुणी वाखाणले तर ती म्हणे, "अर्धं वडिलांचं, अर्धं सरांचं, मधला टाका तेवढा माझा."

तिच्या कृतज्ञतेत समारंभ नव्हता. सर अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांच्या पाठीचा आधार तिने स्वतः बनवला आणि त्यांनी दोन बोटांनी हलवून तपासेपर्यंत ती उभी राहिली. मावशींना ऐकू येईनासे झाले, तरी रविवारी सकाळी ती जाई, चादरीचे एक टोक त्यांच्या मांडीवर ठेवी आणि दुसरे स्वतः पिळी. बाबा सुट्टीत येत, कार्यशाळेच्या बाकावर बसून मुलांना चालताना पाहत. एकदा कुणीतरी त्यांना विचारले, तुम्ही कोण? ते म्हणाले, "हिचा बाप. चांगला शिंपी."

गेल्या हिवाळ्यात धाकटी गेली. मुलांच्या विभागात तिने शिकवलेल्या दोघीजणी आज काम करतात, आणि या शहरात तिने बनवलेल्या कॅलिपरवर चालायला शिकलेली पुष्कळ माणसे आपापल्या कामाला पायी जातात.